उत्तरमेरूरचा शिलालेख : घड्यातील चिठ्ठ्या आणि तळ्यातील पाणी



कांचीपुरमला जाऊन आलेली मंडळी या सभेत पुष्कळ असतील. वरदराजस्वामींचे दर्शन घ्यावे, कैलासनाथाचे पल्लवकालीन देऊळ पाहावे आणि परतताना घरच्यांसाठी एखादे रेशमी लुगडे बांधून घ्यावे, असा तेथला नेहमीचा क्रम आहे. पण कांचीहून पालार नदी ओलांडून दक्षिणेच्या अंगाला निघाले, की तासाभराच्या वाटेवर उत्तरमेरूर नावाचे गाव लागते. तेथे विष्णूची दोन देवळे आहेत. त्यांपैकी जे आकाराने लहान आहे, आणि ज्याच्यापुढे यात्रेकरू सहसा उभाही राहत नाही, त्या वैकुंठपेरुमाळाच्या देवळाच्या भिंतींवर आणि पायथ्याच्या दगडांवर जे कोरलेले आहे, त्याविषयी आज मला बोलावयाचे आहे.

हा सगळा मुलूख भातशेतीचा. येथे वाहत्या नदीच्या पाण्यावर फारसे कोणी विसंबत नाही. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्येकडून जो पाऊस येतो, तो मातीचे लांबच लांब बांध घालून अडवावयाचा, त्याचे तळे करावयाचे, आणि तूम उघडून तेच पाणी पुढे वर्षभर खाचरांना पुरवावयाचे, अशी इथली शतकानुशतकांची रीत. अशा तळ्याला तामिळमध्ये ‘एरि’ म्हणतात. बांधांवर आणि शेतांच्या कडेला ताडाची झाडे रांगेने उभी असतात. हा बांध आणि हा ताड, दोन्ही श्रोत्यांनी लक्षात ठेवावेत. पुढे दोघांचेही काम पडणार आहे.

आता गावाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. पल्लव राजा दुसरा नंदिवर्मा याच्या काळात, म्हणजे आठव्या शतकात, हे गाव वेदविद्या जाणणाऱ्या ब्राह्मणांना अग्रहार म्हणून लावून देण्यात आले. शिलालेखांत त्याचे नाव ‘उत्तरमेरु चतुर्वेदिमंगलम्’ असे येते. पुढे नवव्या शतकाच्या अखेरीस पल्लवांची सत्ता मावळली आणि तंजावरच्या चोळांचा अंमल इकडे पसरला. गावात आज तीन-चार जुनी देवळे उभी आहेत आणि त्यांच्यावर मिळून सुमारे दोनशे लेख आहेत. सुंदरवरदपेरुमाळाचे देऊळ सर्वांत भव्य. त्यात एकावर एक असे तीन गाभारे आहेत, आणि जिना चढत गेले म्हणजे विष्णू क्रमाने उभा, बसलेला व शेषावर पहुडलेला असा दिसतो. बारकाईने पाहणाऱ्याचा तेथे अर्धा दिवस सहज जाईल. पण आपले काम शेजारच्या धाकट्या देवळाशी आहे. त्याच्या मंडपात गावची सभा बसत असे, आणि सभेने केलेले ठराव तेथल्याच दगडांवर कोरून ठेवण्याची वहिवाट होती. कागद फाटतो, ताडपत्राला कसर लागते, आणि कारकुनाच्या घरचे दप्तर कारकुनाच्याच हाती असते. देवळाची भिंत मात्र सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. तिच्यावरची ओळ कोणाला गुपचूप खोडता येत नाही.

या दगडांवर पहिल्या परांतक चोळाच्या कारकिर्दीतले दोन लेख आहेत. एक त्याच्या राज्याच्या बाराव्या वर्षाचा, म्हणजे इ. स. ९१९ चा, दुसरा चौदाव्या वर्षाचा, म्हणजे ९२१ चा. १८९८ साली सरकारी शिलालेख खात्याने त्यांचे ठसे घेतले, आणि व्ही. वेंकय्या या विद्वान लेखपंडिताने पुरातत्त्व खात्याच्या १९०४-०५ सालच्या वार्षिक अहवालात त्यांचा पाठ व भाषांतर छापले. काळ कोणता होता ते पाहा. १९०५ म्हणजे वंगभंगाचे वर्ष. हिंदी लोकांना स्वराज्य पेलणार नाही, निवडणूक ही विलायतेतून आणलेली वस्तू आहे, असे साहेब रोज ऐकवीत होता. आणि अशा वेळी मद्रास इलाख्यातल्या एका भाताच्या गावात हजार वर्षांपूर्वीचे निवडणुकीचे नियम दगडावर कोरलेले सापडले! लोकांना हर्ष झाला यात नवल नाही. तेव्हापासून आजतागायत उत्तरमेरूरचे नाव व्यासपीठांवरून घेतले जात आहे. घटना समितीत ग्रामपंचायतींवर वाद झाला तेव्हा ते निघाले, आणि १० डिसेंबर २०२० रोजी दिल्लीस नव्या संसदभवनाची पायाभरणी झाली त्या दिवशीच्या पंतप्रधानांच्या भाषणातही ते होते.

‘आमच्याकडे हजार वर्षांपूर्वी लोकशाही होती’, एवढेच बहुधा त्यातून सांगितले जाते. मला हे विधान पुरे वाटत नाही. लेख नीट वाचला तर त्यात याहून अधिक काही आहे, आणि काही ठिकाणी याहून बरेच कमीही आहे. म्हणून आधी लेखात काय आहे ते सांगतो, मग त्याची किंमत ठरवू.

गावाचे तीस वॉर्ड होते. त्यांना ‘कुडुंबु’ असा शब्द आहे. प्रत्येक वॉर्डातल्या लोकांनी एकत्र जमावे आणि लायक माणसांची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहावीत. ताडपत्र म्हणजे ‘ओलै’, घडा म्हणजे ‘कुडम्’; त्यावरून या पद्धतीला ‘कुडवोलै’ असे नाव पडले. मघाशी सांगितलेला ताड येथे उपयोगी पडला. नाव कोणाचे लिहावयाचे? ज्याची पाव वेलीहून अधिक सारा भरणारी जमीन आहे त्याचे. आजच्या तामिळ मोजणीने वेली साडेसहा एकरांच्या आसपास, म्हणजे दीड एकराहून थोडी जास्त जमीन झाली. घर स्वतःच्या जागेवर बांधलेले पाहिजे. वय पहिल्या लेखाप्रमाणे तीस ते साठ, दुसऱ्याप्रमाणे पस्तीस ते सत्तर. वेद आलेला पाहिजे आणि दुसऱ्याला शिकविता आला पाहिजे. जमीन वेलीचा आठवा हिस्साच असली तरी चालेल, पण मग एक वेद आणि एक भाष्य अवगत असून त्याचे विवरण करता आले पाहिजे. म्हणजे दीड एकराच्या जागी पाऊण एकर चालवून घ्यावयाचे, आणि उरलेली भरपाई विद्येने करावयाची! याखेरीज व्यवहाराचे ज्ञान हवे, कमाई सचोटीची हवी, आणि मागल्या तीन वर्षांत तो कोणत्याही समितीवर बसलेला नसावा.

यापुढे नालायकांची यादी येते, आणि माझ्या मते लेखाचा प्राण येथे आहे. समितीवर बसून ज्याने हिशेब दिला नाही, त्याचे नाव घड्यात टाकावयाचे नाही. एवढ्यावर लेख थांबत नाही. त्याच्या नातेवाइकांचीही नावे टाकावयाची नाहीत, आणि ते नातेवाईक कोण हे मोघम न सोडता एकेक नाते मोजून सांगितले आहे: थोरल्या व धाकट्या मावशीचा मुलगा, आत्याचा मुलगा, मामाचा मुलगा, मामा, चुलता, सासरा, मेहुणा, बहिणीचा नवरा, भाचा, जावई, बाप, मुलगा. ज्या कोणी हे लिहिले त्याला गावच्या सोयरिकी चांगल्या ठाऊक होत्या. स्वतः बाहेर राहून मेहुण्याला पुढे करणारा गृहस्थ त्याने पाहिलेला होता. आजच्या ग्रामपंचायतीच्या कायद्यात थकबाकीदाराला अपात्र ठरविलेले आहे. थकबाकीदाराच्या मावसभावापर्यंत जाण्याचे धाडस त्याने केलेले नाही.

पुढे महापातकी, दुसऱ्याचे द्रव्य चोरणारे, निषिद्ध अन्न खाल्लेले, खोटे दस्तऐवज करणारे यांना वगळले आहे. आणि मध्येच एक मजेचे कलम आहे: जो गाढवावर बसला असेल तोही नको. तामिळ पंडितांनी याचा अर्थ, एखाद्या अपराधाबद्दल गाढवावर बसविण्याची शिक्षा झालेला मनुष्य, असा लावला आहे. मराठी माणसाला तेवढ्या विवेचनाचीही जरुरी नाही. धिंड म्हणजे काय हे तो जाणतो.

आता प्रत्यक्ष निवड कशी व्हावयाची ते ऐका. तीस वॉर्डांच्या चिठ्ठ्यांचे तीस जुडगे बांधावयाचे, प्रत्येकावर त्या वॉर्डाचे नाव असलेली चिठ्ठी लावावयाची, आणि ते सारे घड्यात ठेवावयाचे. आबालवृद्धांची महासभा भरवावयाची. त्या दिवशी गावात जितके पुजारी असतील तितके झाडून सारे मंडपाच्या आतल्या भागात बसवावयाचे. त्यांतल्या वडील पुजाऱ्याने घडा सर्वांना दिसेल असा उंच धरावयाचा. आत काय आहे हे ज्याला ठाऊक नाही अशा एका लहान मुलाने हात घालून एक जुडगा काढावयाचा. तो दुसऱ्या घड्यात सोडून ढवळावयाचा, आणि त्याच मुलाने त्यातून एक चिठ्ठी काढून मध्यस्थाच्या हातावर ठेवावयाची. मध्यस्थाने ती कशी घ्यावयाची? पाचही बोटे पसरून, उघड्या तळहातावर! मुठीत दुसरी चिठ्ठी दडविली नाही, एवढे सर्वांना दिसले पाहिजे. मग त्याने नाव मोठ्याने वाचावयाचे, आत बसलेल्या सर्व पुजाऱ्यांनी ते पुन्हा वाचावयाचे, आणि मगच ते पक्के धरावयाचे.

याप्रमाणे तीस माणसे निघाली, की त्यांतून पूर्वी बागेच्या व तळ्याच्या समितीवर काम केलेले, वयाने आणि विद्येने वडील असे बारा जण संवत्सर समितीवर, म्हणजे वर्षाच्या कारभाराच्या समितीवर घ्यावयाचे. बारा बागेच्या समितीवर आणि सहा तळ्याच्या समितीवर. सोन्याचा कस पाहणारी समिती आणि ‘पंचवार’ नावाची आणखी एक समिती, यांची माणसेही चिठ्ठ्यांनीच निवडावयाची, पण ज्या वॉर्डांना एकदा संधी मिळाली ते पुढल्या वर्षी घड्यातून वगळून. मुदत तीनशे साठ दिवसांची. ती भरली की खाली उतरावयाचे. मध्येच कोणाचा अपराध उघडकीस आला तर मुदतीची वाट न पाहता त्याला काढावयाचे. हिशेबनिसाने आपला हिशेब स्वतः मांडावयाचा, आणि तो चोख ठरल्यावाचून त्याला पुन्हा नेमावयाचे नाही.

हे ऐकून आपल्याला काही ओळखीचे वाटले काय? वाटावयास हवे. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोघांना सारखी मते पडली म्हणजे ईश्वरचिठ्ठी टाकतात. सरपंचपदाच्या किंवा वॉर्डांच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा एखाद्या शाळकरी पोराला पुढे बोलावून त्याच्या हाताने चिठ्ठी काढवितात. हे आपण उत्तरमेरूरकडून उचलले असे मी म्हणत नाही. व्हेनिसच्या प्रजासत्ताकातही १२६८ सालापासून दोजेच्या निवडणुकीत गोळ्या काढावयास लहान मुलगा उभा करीत. ज्या समाजाला मोठ्या माणसांच्या हाताची खात्री वाटत नाही, तो समाज पोराचा हात शोधतो, एवढाच याचा अर्थ.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपण ज्याला मतदान म्हणतो ते या पद्धतीत जवळजवळ नाही. नावे सुचविण्यापुरते लोकांचे मत. पुढे सारे नशिबावर. जुन्या अथेन्सनेही आपली पुष्कळशी पदे चिठ्ठ्यांनीच भरली, आणि तेथल्या विचारवंतांना निवडणुकीपेक्षा चिठ्ठीच अधिक लोकसत्ताक वाटे. कारण निवडणुकीत नावाजलेला आणि पैसेवाला पुढे सरकतो, चिठ्ठीत सरकत नाही. तेव्हा उत्तरमेरूरला ‘निवडणूक’ होती असे म्हणून आपण त्याचा गौरव करतो, की त्यातले खरे वैशिष्ट्य हातचे घालवितो, याचा विचार व्हावयास पाहिजे.

आता मघाच्या दोन तारखांकडे वळू. ९१९ आणि ९२१. गावाने एवढा थोरला नियम केला, दगडावर कोरला, आणि दोन वर्षांत तो पुन्हा हाती घेतला. का? लेखात कारण दिलेले नाही. परंतु दुसऱ्या ठरावात नवे काय आले ते पाहिले म्हणजे कारण बरेचसे दिसते. वयाची अट वर सरकली. घडा उंच धरण्याचा, मुलाचा, उघड्या तळहाताचा आणि नाव सर्वांनी पुन्हा वाचण्याचा तपशील आला. नातेवाइकांची यादी एकेक नाते घेऊन आली. कायद्याची ही भाषा अनुभवाने येते. ज्या गावात चिठ्ठी बदलण्याची शंका कोणाच्या मनात आलीच नाही, ते गाव पाच बोटे पसरावयास सांगणार नाही. म्हणून नियम जितके कडक तितका कारभार शुद्ध, असे समजण्याचा भाबडेपणा इतिहासाच्या विद्यार्थ्याने करू नये. नियमाच्या मागे उभा असलेला गैरव्यवहार त्याला दिसला पाहिजे. ठरावाचा हेतूही लेखात सांगितला आहे: दुष्टांचा नाश व्हावा आणि सज्जनांची भरभराट व्हावी. दुष्ट नसते तर हे वाक्य कशाला लिहावे लागते?

आणखी एक. या दोन्ही सभांना राजाचा अधिकारी हजर होता. पहिल्या वेळी तत्तनूर मूवेंदवेळान, दुसऱ्या वेळी सोमासिपेरुमान. राजाज्ञेने ते आले, सभेत बसले, आणि त्यांच्या समक्ष ठराव झाला. चार्ल्स मेटकाफने १८३० साली हिंदी खेड्यांना लहान लहान प्रजासत्ताके म्हटले, आणि त्याच्या आधी १८१९ साली पेशवाईच्या जिंकलेल्या मुलखाविषयी लिहिताना एल्फिन्स्टननेही गाव म्हणजे स्वतःत पुरे असे छोटे राज्यच, या अर्थाचे लिहून ठेवले. राज्ये आली आणि गेली, गाव आपले अबाधित, हे चित्र तेव्हापासून आपल्या मनावर ठसले आहे. उत्तरमेरूरचा दगड याला पुरती साक्ष देत नाही. तेथे सभेला अधिकार होता यात शंका नाही. तसा चोळांचा माणूसही उंबरठ्याच्या आत होता.

राहिला सर्वांत अवघड प्रश्न. महासभा आबालवृद्धांची, पण कोणाच्या आबालवृद्धांची? ज्यांच्या नावे जमीन आणि ज्यांच्या तोंडी वेद, त्यांच्या. हे ब्रह्मदेय गाव होते. सभा ब्राह्मण जमीनदारांची. त्या जमिनीत चिखलणी करणारा, रोप लावणारा, बांध फुटला तर रात्री मातीच्या पाट्या वाहणारा कोणीही तिच्यात नव्हता. स्त्रियांचा प्रश्नच उद्भवत नव्हता. चोळांच्या राज्यात सगळीच गावे अशी होती असेही नाही. बहुसंख्य गावे ब्राह्मणेतर शेतकऱ्यांची होती आणि त्यांच्या मेळाव्याला ‘ऊर’ म्हणत. पण ऊरचा कारभार कसा चाले, याचे उत्तरमेरूरइतके तपशिलाचे नियम दगडावर उतरलेले नाहीत. के. ए. नीलकंठ शास्त्री यांनी १९३२ साली या सभांचा सविस्तर अभ्यास छापला. पुढे नोबोरू काराशिमा आणि वाय. सुब्बरायलू यांनी जमीन कोणाच्या हाती होती आणि ती कशी सरकत गेली, हे शेकडो लेखांवरून मोजून दाखविले. त्यानंतर एका गावच्या वैभवावरून साऱ्या देशाचे अनुमान काढणे बरोबर नाही.

डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्यावर जो घणाघाती हल्ला केला तो सर्वश्रुत आहे. त्या समितीत उत्तरमेरूरचा दाखला देणारे होते, आणि आंबेडकरांचे म्हणणे मान्य करणारेही होते. मला वाटते, दोघेही एकाच भिंतीकडे पाहत होते. एकाला भिंतीवरचा लेख दिसत होता. दुसऱ्याला, भिंतीच्या बाहेर कोण उभे आहे ते दिसत होते. अखेरीस घटनेच्या चाळिसाव्या कलमात पंचायतींना जागा मिळाली. १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने त्यांना बळ दिले, आणि स्त्रिया व अनुसूचित जाती-जमाती यांच्या जागा राखून ठेवल्या. म्हणजे जे बाहेर होते त्यांना आत घेण्यासाठी उत्तरमेरूरचा दाखला पुरला नाही. नवा कायदाच करावा लागला.

आपल्याकडच्या जुन्या गोतसभेशी ताडून पाहण्याचा मोह मला आवरत नाही. मराठी मुलखात वतनाचा किंवा शिवेचा तंटा उभा राहिला म्हणजे देशमुख, पाटील, कुळकर्णी यांच्या जोडीला गावचे बलुतेदार बसत, आणि निवाड्याचा महजर होई. त्यावर ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी करी: कुणब्याचा नांगर, सुताराची पटाशी. शिवेच्या वादात महाराची साक्ष मोलाची मानीत. कारभार वंशपरंपरेचा, वतने पिढीजात. चिठ्ठ्या नाहीत, मुदत नाही, तीन वर्षांची विश्रांती नाही. तेव्हा हिशेबाच्या बाबतीत उत्तरमेरूरचा लेख आपल्या गोतापेक्षा फार पुढे आहे, आणि गोलाच्या रुंदीत, म्हणजे त्यात कोणाला बसू दिले या बाबतीत, आपला गोत त्याच्या पुढे आहे. गोतातली बैठकही समानतेची नव्हती, हे वेगळे सांगावयास नको.

आता तळ्याविषयी. समित्यांत तळ्याची समिती लहान, सहा जणांची; पण गावाचा जीव तिच्या हाती होता. उत्तरमेरूरच्या तळ्याचे लेखांतले नाव ‘वैरमेघ तटाक’. ते पल्लवकाळापासूनचे आहे, आणि दंतिवर्म्याच्या कारकिर्दीतल्या लेखात त्याचा गाळ काढण्यासाठी दिलेल्या सोन्याच्या देणगीची नोंद आहे. ती रक्कम सभेने ठेवून घ्यावयाची आणि तिच्या व्याजातून दर साल गाळ काढावयाचा. तळे बांधणे एकदाच होते. गाळ दरवर्षी येतो. ज्याने देणगी दिली त्याला हे कळत होते. आणि दरवर्षी गाळ काढावयाचा म्हणजे दरवर्षी पैसा खर्च व्हावयाचा, दरवर्षी त्याचा हिशेब ठेवावयाचा, आणि तो हिशेब सहा जणांच्या हाती असावयाचा. चिठ्ठी, मुदत, नातेवाईक, हिशेब यांची एवढी दगदग गावाने का केली, याचे उत्तर मला येथे सापडते. तात्त्विक लोकशाहीच्या आवडीपेक्षा पाण्याच्या पाळीची काळजी मोठी होती. धुळे-नाशिककडच्या पांझरा-मोसम नद्यांवर फड पद्धतीने ज्यांनी शेती केली, त्यांना हे पटकन उमजेल. तेथे बंधाऱ्याचे पाणी पाटकऱ्याने ठरलेल्या क्रमानेच सोडावयाचे असते, आणि त्याने एक रात्र एखाद्याच्या वाफ्याकडे अधिक पाणी वळविले तर सकाळी साऱ्या फडाला ते समजते.

गाळाची ही व्यवस्था पुढे कशी विस्कटली, तो एक स्वतंत्र विषय आहे. इंग्रजी अमलात मोठी तळी सरकारी बांधकाम खात्याकडे गेली. गावाने मिळून दुरुस्ती करण्याची जुनी चाल, जिला तेथे ‘कुडिमरामत्तु’ म्हणतात, ती ढिली पडली. तेव्हा १८५८ साली मद्रास सरकारने कायदा करून सक्तीने श्रम घेण्याची तजवीज केली. तिच्याने फारसे साधले नाही. ज्याच्या कारभारात आपला वाटा नाही त्याचा गाळ कोण काढील? २०१७ साली तामिळनाडू सरकारने त्याच जुन्या नावाने तळी दुरुस्त करण्याची योजना पुन्हा सुरू केली. नाव परत आणणे सोपे असते. तळ्याच्या समितीवर कोण बसले, त्याचा हिशेब कोणी पाहिला, आणि तो गावच्या कोणत्या भिंतीवर लावला, हे प्रश्न मात्र ९२१ साली होते तसेच आजही विचारावे लागतात.

कोणाला उत्तरमेरूरला जावयाचे असेल तर पावसाळा नुकताच ओसरला असता, पौषाच्या सुमारास जावे. तळी भरलेली असतात आणि शेते हिरवी असतात. वाटेत सवड असली तर पालारच्या संगमावरच्या तिरुमुक्कूडलच्या विष्णुमंदिरातही डोकवावे. तेथल्या भिंतीवर अकराव्या शतकातल्या वीरराजेंद्र चोळाच्या वेळचा लेख आहे, आणि त्यात देवळाच्या खर्चाने चालणाऱ्या पंधरा खाटांच्या रुग्णालयाची, तेथील वैद्याच्या पगाराची आणि औषधांची नोंद आहे. उत्तरमेरूरला वैकुंठपेरुमाळाचे देऊळ पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. तामिळ येत नसले तरी लेखात संस्कृत शब्द ग्रंथ लिपीच्या अक्षरांत मधूनमधून येतात, आणि जाणकार बरोबर असला तर तो ते बोटाने दाखवितो. शेवटच्या भागात ज्याने सभेच्या आज्ञेवरून हा ठराव लिहिला त्या मध्यस्थाचे नाव आहे: काडाडिपोत्तन शिवक्कुरि राजमल्लमंगलप्रियन. एवढे लांबलचक नाव त्या माणसाने पुरतेच्या पुरते कोरविले आहे, म्हणजे उद्या कोणी विचारले तर कोणाला विचारावयाचे हे गावाला माहीत असावे.